बँडवाल्यांची पहिली पंगत

माझं नाव पुंजाराम, पण या नावानं हाक मारणारं आता कोणी राह्यलं नाय, बाकी सगळे मास्तरच म्हणतात. शाळेतला मास्तर नव्हं हां, बँडमास्तर. शाळा मी चौथीत सोडली, म्हंजे शाळेनंच मला सोडलं म्हणा. आमचं गाव निफाडाकडं, चहूबाजूनी द्राक्षाच्या बागा, पण त्यातली एक वेल आमची नाय. बाप सनई वाजवायचा, त्याचा बाप बी सनईच, आमच्या लोकांचं कामच ते, गावात लग्न निघालं की निरोप यायचा, मंग बाप सनई फडक्यात गुंडाळून म्होरं आन मी मागं, सूर धरायला. सूर धरायचा म्हंजे काय, बाप वाजवंल ते वाजवंल, आपण एकच सूर लावून ठेवायचा, गाल फुगवून, तो थांबत नाय तवर थांबायचं नाय. नाक वाहत असलं तरी पुसायचं नाय. असं माझं शिक्षण झालं बघा.

मंग बँडची टूम निघाली, लोकांला सनई जुनाट वाटाय लागली, नवरदेवाला लाल कोटवाले पाहिजेत, सोनेरी झालरवाले पाहिजेत, तं मी क्लारनेट धरलं. सनईवाल्याला क्लारनेट काय अवघड नाय, त्याचे वठ तयारच असतात. आमचं सगळं वठावर हाय. वठ गेले की धंदा गेला, म्हणून फुंकणारा माणूस वाजवायच्या आधी तिखट खात नाय, सुपारी खात नाय, लय गरम च्या पीत नाय. लग्नाच्या दिवशी सकाळी दोन बिस्किटं पाण्यात बुडवून खाल्ली की संपलं. आमचा दगू म्हणतो, मास्तर तुमी नवरीपेक्षा जास्त वठ सांभाळता. दगू म्हंजे आमचा ढोलवाला, साईड ड्रम वाजवतो, माझ्या बरोबरचाच, त्याला काय, त्यानं ठेचा खाऊन बी वाजवावं, त्याचं हातावर हाय.

तं उपाशीपोटी फुंकायचं. परण्या निघतो, म्हंजे नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला, ऊन डोक्यावर, पोरं नाचत्यात ती म्होरं सरकतच नाय, हेच वाजवा, तेच वाजवा, पुन्हा तेच वाजवा. मंग अक्षता पडल्या, आमी शेवटचं जोरात वाजवलं, की आमचं काम थांबलं आन वऱ्हाडाचं जेवण सुरू. आन आमी कुठं? मांडवाच्या मागं. जिथं आचाऱ्याचं चुलाण असतं, खरकट्याचं पिंप असतं, लोकांच्या चपला असतात, तिथं. वाद्यं बी तिथंच, मातीत. मला बापानं सांगितलेलं, वाजवून झालं की मागं जाऊन बसायचं, बोलावलं की उठायचं, आपण होऊन पंगतीकडं बघायचं बी नाय. बोलावणं यायचं तवा सगळं उरकलेलं असायचं. भात कडक झालेला, आमटी गार, बुंदी म्हणाल तं नुसता चुरा. कोणी वाईट वागायचं असं नाय हां, हे लिवून घ्या, नायतं तुमी लिवाल की मास्तर लोकांला नावं ठेवतो. लोक चांगलेच असतात. पाठीवर थाप मारतात, काय वाजवलं मास्तर, म्हणतात. पण ताटावर बसवायचं कोणाच्या मनातच येत नाय, आन आमच्या बी येत नव्हतं. ते तसंच असतं असं वाटायचं.

काय सांगू तुमाला, देवळाली कॅम्पात एक लग्न व्हतं, दुपारचा मुहूर्त, मोठं वऱ्हाड. आमी मागं बसलेलो, वाट बघतोय. तं मुलीचा बाप हात जोडून आला, बिचारा घामाघूम, म्हणला मास्तर जेवण कमी पडलं हो, लाज वाटते सांगायला, तुमी बाजारात काहीतरी खाऊन घ्या. आता तो मुलीचा बाप, त्याच्या डोळ्यात पाणी. म्हणलं असूद्या, होतं असं. आन आमी निघालो कॅम्पाच्या बाजारात, सगळे लाल कोटात, घामानं भिजलेले, ड्रम खांद्याला. एका हॉटेलवाल्यानं बघितलं, म्हणला पार्सल देतो, आत नका येऊ, गिऱ्हाइकं बसलीत. दुसऱ्यानं तं नुसता हात हलवला, जसं काय आमी मागायला आलोय. माझं डोकं अस्सं तापलं ना! पण पोटात काही नसल्यावर भांडायला बी जोर लागतो.

बाजाराच्या टोकाला एक पत्र्याचं दुकान व्हतं, नवंच, आत चार टेबलं, बाहेर पाटीवर लिवलेलं, नेपाली मोमो थुक्पा. आमी दारात घुटमळतोय तं आतून एक बाई आली, गोरीपान, ठेंगणी, कपाळाला मोठं कुंकू, आन आमाला बघून ती चटकन पदर सावरून बाजूलाच झाली. आइये साब, बैठिये साब, म्हणली. मी मागं वळून बघितलं, कोण साहेब आला म्हणून. कोणी नव्हतं. तिला वाटलं आमी मिलिट्रीचा बँड! लष्कराचं गाव ते, लाल कोट बघितला, सोनेरी झालर बघितली, तिला काय म्हाईत. दगू तं लगेच ताठ झाला, छाती काढून आत गेला, मी त्याचा कोट मागून ओढतोय, आरं गाढवा, सांग तिला.

मंग आतून तिचा नवरा आला. तो रिटायर फौजी, त्याला आमी पुढं बी फौजीच म्हणत राह्यलो. त्यानं एका नजरेत ओळखलं, आमच्या चपला बघूनच ओळखलं असंल, मिलिट्रीवाला स्लीपर घालून वाजवतो का कुठं. मला वाटलं आता हा बाहेर काढतो. तं तो हसायला लागला, आन हसत हसत त्यानं दगूला कडक सॅल्यूट ठोकला. बायकोला म्हणला, माया, शादी का बँड है, पर बँड तो बँड होता है. त्यानं विचारलं जेवलात का लग्नात. दगूनं नुसता पोटावरून हात फिरवला. तो म्हणला, मी पलटणीत ड्रम वाजवायचो, साहेब लोक जेवायचे आन आमी बाजूला उभं राहून वाजवायचो, मटणाचा वास नाकात आन हातात काठ्या, मला सांगू नका काही.

आन त्यानं काय केलं बघा. दुकानात एक फळी व्हती, तिच्यावर त्यांच्या पशुपतिनाथाचा फोटो, उदबत्ती, बाजूला मसाल्याचे डबे. त्यानं डबे खाली काढले, फळी फडक्यानं पुसली आन माझं क्लारनेट हातातून घेऊन देवाशेजारी ठेवलं. ट्रम्पेट बी ठेवलं. ड्रमला खुर्ची दिली, खरंच, एक खुर्ची ड्रमला. मला तिथंच भरून आलं, पण दगू बघत व्हता म्हणून मी खोकल्यासारखं केलं.

थुक्पा म्हंजे काय, तुमी खाल्लाय का? शेवयाची आमटी म्हणा, पण जाड शेवया, कोंबडीचं पानी, आलं, कांद्याची पात, वाफ अशी येते की गळा धुतल्यावानी मोकळा होतो. आन तिखट अजिबात नाय, तिखटाची चटणी येगळी, वाटीत, ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी. माझ्या वठाला ते अस्सं लागलं. आमी फुंकणारे लोक, वाजवून झाल्यावर वठ सुजलेले असतात, त्यावर मिरचीचा रस्सा गेला की डोळ्यातून पानी. इथं तसं काही नाय. दगूनं चटणीची वाटी येकट्यानं संपवली आन मंग दिवसभर हुश्श हुश्श करत राह्यला. मोमो बी खाल्ले, मला ते आपल्या उकडीच्या मोदकाचे चुलत भाऊ वाटले, बायकोला तसं सांगितलं तं ती म्हणली देवाच्या नैवेद्याला कोंबडी भरता का, तुमची जीभ झडो.

तवापासून ते आमचं झालं. कॅम्पात लग्न असो का नाशिकरोडला असो, का सिन्नरच्या रस्त्याला, वाजवून झालं की तिकडं वळायचं. आमी मायाला दिदी म्हणायचो, वयानं ती माझ्यापेक्षा लहान, पण दिदीच. ती मला दाइ म्हणायची, त्यांच्यात मोठ्या भावाला म्हणतात. मराठी ती बाजारातून शिकली, म्हणून तिच्या मराठीत भाजीवालीचा ठसका हाय. आन मजा सांगू का, ही नेपाळची बाई, पण आपल्या लग्नाच्या तिथ्या तिला भटजीपेक्षा पाठ. भिंतीवर कॅलेंडर, तिथीला गोल केलेला. तिथीच्या दिवशी सकाळी मोठं पातेलं चढवायची, बँडवाले येणार म्हणून. चातुर्मास लागला की तिचं तोंड उतरायचं, दाइ आता तुमी चार महिने काय खाणार. म्हणायचो, मायबाई, द्राक्षाची छाटणी हाय, फवारणी हाय, हात हायेत ना. तरी ती एखाद्या दिवशी फोन करायची, जेवलात का. बस, एवढंच विचारायची आन ठेवायची.

फौजी गेला त्याला आता बरेच दिवस झाले. छातीत दुखतंय म्हणला आन गेला. आमी सगळे गेलो, वाजवलं नाय काय, नुसते टोप्या काढून उभे राह्यलो. दगूनं आपल्या ड्रमच्या काठ्या त्याच्या उशाला ठेवल्या, म्हणला याच्यासारखा हात माझा कधी बसला नाय. मंग माया येकटी. पोरगी सृजना, तवा नर्सिंग शिकत व्हती. माया दुकान चालवायची, पण गिऱ्हाईक पांगलं, चकचकीत हॉटेलं झाली, एसी, काचा, आतमधी फोटो काढायला फुलं. आमचं बी तेच चाललेलं, डीजे आला, एक टेंपो, चार डबडी, एक पोरगा बटण दाबतो आन छाती फुटायची वेळ. बँडला कोण विचारतंय. आमी तिच्याकडं यायचो ते बी कमी झालं, कारण लग्नंच कमी मिळायची. एक दिवस ती म्हणली, दाइ, मी दुकान बंद करते, सृजनाची नोकरी लागली की तिच्याजवळ राहते, हात दुखतात आता. तिला काय म्हणावं? नको करू म्हणावं तं आपण काय तिचं दुकान भरून देणार हाये का. पण मला खरं सांगू, मला तिची काळजी व्हती तशी माझी बी व्हती. सगळ्या नाशिकमधी लाल कोट घालून मी खुर्चीवर बसू शकतो अशी ती येकच जागा. ती गेली की पुन्हा मांडवाच्या मागं.

आन त्याच सुमारास ती पोरगी आली, व्हिडिओवाली. शहरात आमचा बँडचा गाळा हाय, तिथं सुपारी घ्यायला बसतो आमी, सुपारी म्हंजे लग्नाची ऑर्डर हां. पोरगी चुणचुणीत, जीन पँट, हातात फोन, म्हणली काका, मी नाशिकच्या कलाकारांला विचारत फिरते, तुमचं आवडतं एशियन रेस्टॉरंट कोणतं. मी म्हणलं एशियन म्हंजे? म्हणली आशिया खंडातलं, चायनीज, थाई, कोरियन, असं. मी म्हणलं बाई, मी चौथी शिकलोय, पण आशिया खंडात आपण बी हाये एवढं मला म्हाईत हाय, मंग माझ्या बायकोची बाजरीची भाकर एशियनच की. ती हसली. म्हणली काका, ते सतार शिकवणारे गुरुजी हायेत, त्यांनी कॉलेजरोडचं थाई सांगितलं, नारळाच्या दुधाची कढी असते म्हणे, गिटारवाल्या पोरांनी कोरियन नूडल सांगितलं, तोंड जळतं असं, आन ऑर्केस्ट्रातल्या ताईंनी त्यांच्या घराजवळची चायनीजची गाडी सांगितली. मला आधी बरं वाटलं, म्हणलं सतारीच्या गुरुजींच्या रांगेत मला बसवलं हिनं.

मंग ती म्हणली, सांगा. फोन माझ्याकडं धरला. मी नुसतं थुक्पा चांगला हाय असं सांगणार व्हतो. पण तोंड उघडलं आन कसं कोण जाणे, सगळंच बाहेर आलं. म्हणलं, देवळाली कॅम्पात बाजाराच्या टोकाला मायादिदीचं दुकान हाय, आमचं चार टेबलांचं. थुक्पा फुंकणाऱ्याच्या वठाला सोसंल असा असतो. पण मी तिथं त्याच्यासाठी जात नाय. आमी बँडवाले, आमाला लग्नात शेवटी जेवायला मिळतं, मांडवाच्या मागं. तिथं आमाला पहिल्या पंगतीला बसवतात, आन आमची वाद्यं देवाशेजारी ठेवतात. नाशिकमधी असं दुसरं हॉटेल मला म्हाईत नाय. बस. पोरीनं फोन खाली घेतला, मला म्हणली थँक यू काका, आन तिचा आवाज बारीक झालेला.

तो व्हिडिओ कुठं कुठं गेला देव जाणे. माझी पुतणी पुण्याला असते, तिचा फोन आला, काका तुमी फोनमधी. भाजीवाला म्हणतोय मास्तर फोनमधी. बायको म्हणली, माझ्या भाकरीचं बोललात ते त्यात आलं नाय, चांगलं झालं. मला वाटलं चला, मायाचं भलं झालं तं झालं.

मंग तिथी आली. लग्न कॅम्पातच, आमी वाजवलं, अक्षता पडल्या, आन दुपारी निघालो मायाकडं. लांबूनच बघितलं तं रस्त्यावर गाड्याच गाड्या. स्कुटरी, कारा, कॉलेजची पोरं, चांगल्या घरच्या बाया गॉगल लावून, म्हातारे-कोतारे, दारात रांग. दगू म्हणला, मास्तर, तुमच्या तोंडाला फळ आलं. मला इतका आनंद झाला, काय सांगू तुमाला, वाटलं आता नाय ती दुकान बंद करत.

आन आता ऐका, हे नीट ऐका. आमाला कोणी काही बोललं नाय. कोणी म्हणलं नाय की मागं जा. कोणी वाकड्या नजरेनं बघितलं बी नाय. पण ती एवढी माणसं बघितली, चांगल्या कपड्यातली, जेवतायेत, आन आमचे पाय आपोआप वळले. बाजूच्या बोळीतून मागं गेलो. एकमेकाला विचारलं बी नाय कुठं चाललो म्हणून. मागं मोरी व्हती, पातेली घासायला टाकलेली, तिथं भिंतीला टेकून वाद्यं ठेवली जमिनीवर आन बसलो रांगेनं. लोकांचं जेवण आटपंल, मंग आपलं. दगूला तं डुलकी बी लागली. मला एवढं बी कळलं नाय की आपण काय करतोय. बसायची जागाच ती, असं वाटलं.

लय वेळानं माया बाहेर आली, शेवयाचं पानी फेकायला, हातात गरम पातेलं. आमाला बघितलं आन ती जागच्या जागी थांबली. पातेलं खाली ठेवलं. मी हसलो, म्हणलं दिदी, होऊ दे गिऱ्हाइकाचं, आमाला घाई नाय. आन ती बाई जी भडकली! मी तिला एवढ्या दिवसात कधी आवाज चढवताना बघितलं नव्हतं. म्हणली, दाइ, तुमी माझ्या दुकानाला मांडव केला? मी म्हणलं अगं तसं नाय. म्हणली, मंग काय? कोणी सांगितलं इथं बसा? नाव सांगा त्याचं, आत्ता काढते त्याला. मी म्हणलं कोणी नाय सांगितलं. ते तिला जास्त लागलं बघा. कोणी सांगितलं असतं तं तिनं त्याला चार शिव्या दिल्या असत्या आन मोकळी झाली असती. पण आमीच जाऊन बसलेलो. ती तिथंच मोरीच्या दगडावर बसली, डोळ्याला पदर लावला, म्हणली, फौजीनं तुमचं वाजवायचं देवाजवळ ठेवलं आन तुमी ते मोरीजवळ ठेवलं? सकाळपासून टेबल धरून ठेवलंय, वाट्या उपड्या घालून, किती लोकांला उठवलं मी तिथून, आता मान वळवली आन एक जण बसला. आन तुमी हितं!

मी क्लारनेट जमिनीवरून उचललं, कोटाला पुसलं. दगू जागा झाला, त्यानं बघितलं बाई रडतीये, तो बी रडायला लागला, कारण म्हाईत नाय तरी.

तिनं आमाला उठवलं. बोळीतून नाय, पुढून. स्वतः म्होरं चालली, गर्दी बाजूला करत, हटो हटो, बँड आया है. आन लोक बाजूला झाले ना! काही जणांनी टाळ्या वाजवल्या, एक बाई म्हणली हेच ते व्हिडिओतले काका. मला मान वर करायची लाज वाटली, पण केली वर. आमच्या टेबलावर एक माणूस बसलेला, बायको शेजारी, निम्मा थुक्पा झालेला. आमाला बघून तो उठलाच, वाटी हातात घेऊन उठला. म्हणला मास्तर, माझ्या लग्नात तुमीच वाजवलं व्हतं, ओझरला. मी म्हणलं असंल. तो माझ्याकडं बघत राह्यला, मंग हळूच म्हणला, जेवला व्हतात ना तवा? आता मला खरंच आठवत नव्हतं, एवढ्या लग्नात कुठलं कोणतं. जेवलो असंल तं मागंच जेवलो असंल. पण त्याचं तोंड बघितलं, त्याच्या बायकोचं बघितलं, आन म्हणलं, जेवलो की, पोटभर, जिलेबी बी व्हती. त्याचा जीव भांड्यात पडला. बायको मात्र माझ्याकडं बघत व्हती, तिला कळलं असंल. तिनं आमच्या दगूला स्वतःच्या हातानं खुर्ची ओढून दिली.

तवापासून ते टेबल आमचं. तिथीला दुपारी त्यावर वाट्या उपड्या असतात, मोठा साहेब आला तरी माया उठवते. दुकान बंद झालं नाय, उलट हाताखाली दोन बाया ठेवल्यात. कॉलेजची पोरं येतात, म्हणतात काका वाजवा ना काहीतरी. मी म्हणतो बाळा, जेवताना आमी वाजवत नाय, तेवढा एकच टाइम हाय आमचा.

आन शेवटचं सांगतो, मंग तुमी बंद करा लिवायचं. सृजनाचं लग्न झालं यंदा. नवरा नाशिकरोडचा, मराठी पोरगा, तिच्याच दवाखान्यात कामाला. मी म्हणलं दिदी, बँड आमचा, बोलायचंच नाय. ती म्हणली बँड तुमचाच, पण तुमी नाय वाजवायचं. माझं डोकं पुन्हा तापलं, म्हणलं का, माझे वठ गेले का? म्हणली, नाय दाइ, मराठी लग्न हाय, पोरीच्या मागं मामा उभा राहतो ना? माझा भाऊ नेपाळला, म्हातारा, येत नाय. मंग मामा कोण?

बायकोनं नवी टोपी आणली. पोरीच्या मागं उभा राह्यलो, अंतरपाट धरलेला, भटजी मंगलाष्टका म्हणतोय, आन माझी बोटं आपोआप सदऱ्यावर चालली, क्लारनेटवर चालवतात तशी. अक्षता पडल्या, बँड वाजला, दगू म्होरं, आमच्या ट्रम्पेटवाल्यानं सूर जरा चढाच लावला, मला मारावंसं वाटलं त्याला. पण पोरीनं वळून माझ्याकडं बघितलं आन मला पुढचं काही दिसंना, चष्मा पुसत बसलो.

मंग जेवणं. मायानं पहिली पंगत कोणाची बसवली असंल? बँडची. वऱ्हाड उभं, नवऱ्याकडचे बघतायेत, आन लाल कोटवाले पाटावर. दगूच्या ड्रमला खुर्ची. माया मला म्हणली, दाइ, तुमी बी बसा, तुमची पंगत हाय. मी म्हणलं, येडी का खुळी तू, मुलीचा मामा कधी पहिल्या पंगतीला बसला का? मी जिलेबीची परात घेतली आन वाढायला लागलो. दगूला आग्रह करून दोन जास्त वाढल्या, तो म्हणला मास्तर, तुमच्या हातनं वाढून घ्यायला बरं वाटतंय, रोज वाढत जा.

सगळं वऱ्हाड जेवलं, गाववाले जेवले, आचारी जेवले. मंग मी आन माया बसलो, मागं, चुलाणाजवळ, पातेल्यांच्या मधी. भात कडक झालेला, वरण गार, जिलेबीचा चुरा उरलेला. तेच ताट, आयुष्यभर जेवलो तेच. पण काय सांगू तुमाला, घरचं लग्न असलं की घरची माणसं शेवटीच जेवतात. मी त्या दिवशी घरचा माणूस म्हणून शेवटी जेवलो, आन मला एवढं गोड कधी लागलं नव्हतं. माया म्हणली, दाइ, गरम करून देऊ का. म्हणलं नको, असंच राहू दे.

तेवढंच. पोरगी सुखात राहो, मायाचे हात चालत राहोत, आमचे वठ आता चार-दोन वर्षं टिकले तं टिकले, नाय तं दगूला ड्रमसकट घेऊन छाटणीला जाईन. तुमी बी जावा तिच्याकडं एकदा, माझं नाव सांगा, चटणी बेतानं घ्या. फक्त तिथीला दुपारी नका जाऊ, तवा तिथं आमी जेवत असतो.